रिबिनीचे फूल का सुटते?

समजा, तुमच्या ताईचे लग्न आहे. आईने तुळशीबागेतून तांबडी आणि पिवळी साटीनची रिबीन आणली आणि रुखवताच्या बारा टोपल्यांना फुले बांधण्याचे काम तुमच्यावर सोपवले. तुम्ही मोठ्या हौसेने ती बांधलीत. सकाळी पाहता तर काय! काही फुले ऐटीत आडवी बसली आहेत, काहींचे कान वर-खाली उभे राहिले आहेत आणि दोन तर चक्क सुटली आहेत! रिबीन तीच, हात तेच. मग असे का व्हावे?

आधी रिबिनीकडे पाहू. साध्या कापडात उभा धागा एका आडव्या धाग्याच्या वरून, तर पुढच्याच्या खालून जातो. साटीनच्या विणीत तो चार किंवा अधिक आडव्या धाग्यांवरून सलग जातो आणि मग एकाच्या खाली बुडी मारतो. त्यामुळे पृष्ठभागावर लांब, गुळगुळीत धागे शेजारी-शेजारी पसरलेले असतात. त्यांच्यावरून प्रकाश बराचसा एकाच दिशेने परावर्तित होतो, म्हणून साटीन चकाकते. पण याच गुळगुळीतपणामुळे घर्षण कमी होते, आणि गाठ तर घर्षणावरच टिकते! त्यातच वळवलेली रिबीन सरळ होऊ पाहते आणि गाठीला आतून सतत ढकलत राहते. म्हणजे सुती नाडीत खपून जाणारी चूक साटीनमध्ये लगेच उघडी पडते.

आता गाठीकडे वळू. ओढून सुटत नाही ती निरगाठ आणि टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रिबिनीचे फूल ही सुरगाठच. ती दोन अर्ध्या गाठींची बनते. पहिली अर्धी गाठ साध्या टोकांची, तर दुसरी टोके दुमडून केलेल्या दोन कानांची. सारी गोम या दुसऱ्या गाठीत आहे.

एक प्रयोग करा. तांबड्या आणि पिवळ्या रिबिनीचा एकेक तुकडा घेऊन एका टोकाशी एकमेकांना शिवा. ही जोडरिबीन टोपलीभोवती गुंडाळा. तांबडे टोक पिवळ्याच्या वरून नेऊन खालून बाहेर काढा व ओढा. ही पहिली अर्धी गाठ. आता दोन्ही टोकांचे कान करा आणि पुन्हा तांबडा कानच पिवळ्याच्या वरून नेऊन खालून काढा. फूल आडवे, सपाट बसेल. आता सोडून पुन्हा बांधा. मात्र दुसऱ्या वेळी पिवळा कान वर घ्या. फूल वळून उभे राहील. गाठ थोडी हलवा, ती सैल होऊ लागेल.

असे का होते? पहिल्या प्रकारात दोन अर्ध्या गाठींचे पीळ एकमेकांविरुद्ध असतात. ओढ बसली की एक पीळ दुसऱ्याला अडवतो, रिबिनी एकमेकींवर दाबल्या जातात आणि दाब वाढला की घर्षणही वाढते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही पीळ एकाच दिशेचे असतात. मग सारी गाठच गरकन फिरते आणि रिबीन निसटू लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांनी ताण पडताच रंग बदलणारे धागे वापरून गाठींचा अभ्यास केला आणि २०२० साली पिळांच्या दिशेचे हे महत्त्व गणिताने दाखवून दिले. शाळेच्या बुटाची नाडी वारंवार सुटत असेल, तर तिचे फूल आडवे आहे की उभे, तेवढे पाहा!

या पक्क्या गाठीचे लग्नाशी नाते मात्र फार जुने आहे. प्राचीन रोममध्ये नवरीच्या कमरपट्ट्याला हीच गाठ मारत. तिला ते हर्क्युलिसची गाठ म्हणत. आपल्याकडे वराचे उपरणे आणि वधूचा शेला यांची गाठ मारतात. ती कशी मारली जाते, ते पुढच्या लग्नात नीट पाहा.

आता हिशेब. प्रत्येक कान ७ सें.मी. लांब हवा. दुमडल्यामुळे दोन कानांना २८ सें.मी. रिबीन लागेल. १२ सें.मी.ची दोन टोके धरली तर २४ सें.मी. आणि गाठीला ८ सें.मी. एकूण ६० सें.मी. बारा फुलांना ७.२ मीटर, टोपलीच्या घेराची रिबीन निराळी. रिबिनीचे टोक तिरपे कापा, म्हणजे धागे कमी निघतात. रिबीन पॉलिएस्टरची असेल तर मोठ्या माणसांच्या देखत टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरा. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कडेचे धागे एकमेकांना चिकटतात. सुती फितीवर हे करू नका. सूत वितळत नाही, ते पेट घेते!

मग काय, बारा फुले पुन्हा बांधायला घ्या. मंत्र एकच: पहिल्यांदा तांबडी वर, दुसऱ्यांदाही तांबडीच वर!