बाळकुमच्या नस्तीला कोणता वर्ग?

ठाण्यातल्या बाळकुमच्या कोविड रुग्णालयाचे लोकार्पण 17 जून 2020 रोजी झाले. 'ग्लोबल इम्पॅक्ट हब' या इमारतीत महापालिकेने 1024 खाटांची सोय केली. एवढे जुन्या वर्तमानपत्रांतही सापडते. पण खाटांचा हा आकडा कोणत्या अंदाजावर ठरला, प्राणवायूचा हिशेब कुणी मांडला, डॉक्टर आणि परिचारिका कुठून आणायचे यावर कुणाचे काय मत पडले, हे त्यात मिळत नाही. ते नस्तीत, म्हणजे सरकारी फाइलीत असते. बाळकुमची नस्ती महापालिकेची. पण त्या वर्षीचे मोठे निर्णय ज्या नस्त्यांवर झाले, त्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सचिवांच्या होत्या.

मंत्रालयीन नस्तीला दोन अंगे असतात, टिपणी आणि पत्रव्यवहार. टिपणी खालून वर चढते. कक्ष अधिकारी प्रस्ताव मांडतो, अवर सचिव आणि उपसचिव शेरे मारतात, वित्त विभाग शंका काढतो, शेवटी सचिवांची सही होते. आपल्या हाती येतो तो शासन निर्णय किंवा अधिसूचना, म्हणजे या सगळ्या वादाचा केवळ निकाल. 21 मे 2020 च्या अधिसूचनेचेच पाहा. खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांवर शासनाचे दर लागू झाले. साध्या विलगीकरणाला दिवसाला 4000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7500, व्हेंटिलेटरसह 9000. कल्याण-डोंबिवलीत खासगी रुग्णालयाचे बिल हातात घेऊन उभ्या राहिलेल्या कुटुंबाला हा आकडा म्हणजे मोठा आधार होता. 4000 च का, हे मात्र अधिसूचना सांगत नाही.

त्या काळात महाराष्ट्राने वापरलेला साथरोग कायदा फेब्रुवारी 1897 चा. मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर 1896 मध्ये प्लेग ओळखला, त्यानंतर हा कायदा घाईने आला. त्या प्लेगविषयी आज इतके बारकाईने लिहिता येते, कारण कागद उरले आहेत. महापालिका आयुक्त स्नो यांचा अहवाल आहे, प्लेग समितीचे जनरल गॅटेकर यांचा आहे, आणि काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जनरल डिपार्टमेंटचे प्लेगविषयक खंड आहेत. परक्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी दप्तर ठेवले, हे खरे. तरी त्याच दप्तराच्या आधारे इतिहासकारांनी त्या सरकारच्या जबरदस्तीचा जाब मांडला. कागद कुणी ठेवला यापेक्षा तो राहिला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बाळकुममध्येही कागदाची किंमत माणसांनी मोजली आहे. जुलै 2020 मध्ये तिथे रुग्णांच्या ओळखीची गल्लत झाली. एका घरच्या वृद्धाचा मृतदेह दुसऱ्याच कुटुंबाच्या ताब्यात गेला आणि अंत्यसंस्कारही उरकले. पीपीई किटमध्ये घामाघूम झालेले कर्मचारी, नातेवाइकांना आत मज्जाव, चेहरे झाकलेले. अशा वेळी माणसाची ओळख नोंदवहीतल्या एका ओळीवर येऊन ठेपते. म्हणून सचिवांच्या टिपणीइतकीच वॉर्डातली नोंदवहीही मला दप्तराचा भाग वाटते.

आता मुद्दा मुदतीचा. आपल्या शासकीय दप्तरात 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवतात, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'क-1' 5 वर्षे. 'ड' वर्षभरात निकाली निघतात. 2020 मध्ये बंद झालेल्या नस्तीवर 'क' पडला असेल, तर 2030 नंतर ती नष्ट करायला वाट मोकळी. 'क-1' ची मुदत तर त्याआधीच भरते. शिवाय त्या वर्षी बरेचसे कामकाज दूरदृश्य बैठकांत आणि व्हॉट्सअॅपवर झाले, ते कोणत्या गठ्ठ्यात बांधायचे? ब्रिटनमध्ये माजी आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांचे लाखभर व्हॉट्सअॅप संदेश 2023 मध्ये एका वृत्तपत्राने उघड केले, आणि माजी पंतप्रधानांचे संदेश कोविड चौकशीपुढे ठेवायचे की नाही, हा वाद न्यायालयात गेला. तिथे संदेशही दप्तर मानले गेले.

महाराष्ट्रात 2005 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, पुराभिलेख संचालनालय आहे. 2020 आणि 2021 च्या आरोग्य विभागाच्या सर्व कोविड नस्त्यांना, टिपणीच्या पानांसह, सरसकट 'अ' वर्ग देण्याचा आदेश निघायला हवा, आणि तोच नियम ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या खरेदीच्या कागदांना, खाटांच्या तक्त्यांना आणि रुग्णालयांच्या नोंदवह्यांना लावायला हवा. रुग्णांची नावे ठरावीक वर्षे झाकून ठेवता येतील. त्यासाठी वह्या नष्ट करण्याची गरज नाही.