राणीची उडी अंधारातली होती का?

सीपरी बाजाराकडून रूळ ओलांडून झाशीच्या किल्ल्यावर गेलेल्या मराठी पाहुण्याला एक जागा हमखास दाखवतात: राणीने घोड्यासकट उडी घेतली ती. तटावरून खाली डोकावलं की पोटात गोळा येतो. मग कुणाला तरी शाळेत पाठ केलेला वाक्प्रचार आठवतो, ‘लीप इन द डार्क’.

इथे दोन गैरसमज एकमेकांत गुंतलेत.

हा वाक्प्रचार म्हणजे शौर्याचं प्रशस्तिपत्र, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पुढे काय वाढून ठेवलंय याचा अदमास नसताना टाकलेलं पाऊल, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कौतुकापेक्षा धास्ती जास्त. १८६७ मध्ये मताधिकार वाढवणारा कायदा होताना ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांनी आपल्याच सरकारच्या विधेयकाबद्दल हे शब्द वापरले होते.

दुसरा गैरसमज खुद्द उडीचा. इंग्रजांच्या वेढ्याच्या वेळी झाशीतच अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये तटावरची उडी सांगितलेली नाही. शहर पडल्यावर राणी दारूगोळ्याने स्वतःचा शेवट करायला निघाली, तेव्हा एका वृद्ध सरदाराने तिला रातोरात वेढा फोडून निघण्याचा सल्ला दिला, असं ते लिहितात. गोडसे हे सारं बऱ्याच वर्षांनी लिहायला बसले, हे खरं. पण अशी उडी विसरण्याइतकी किरकोळ नव्हे! ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी स्वारांनिशी बाहेर पडली ती भांडेरच्या रोखाने, तिथून काल्पीला. काल्पी रावसाहेब पेशव्यांच्या हाती होती. म्हणजे आधी मसलत झाली होती आणि मुक्कामही पक्का होता.

जुगार खेळला तो वेढा घालणारा इंग्रज सेनापती ह्यू रोज. १ एप्रिलला झाशीचा वेढा न उठवता, जेमतेम दीड हजार माणसं घेऊन तो बेतवाकाठी राणीच्या मदतीला आलेल्या तात्या टोप्यांच्या सुमारे वीस हजारांवर चालून गेला. डाव त्याच्या बाजूने पडला, म्हणून त्याला कुणी आंधळी उडी म्हणत नाही.

राणीच्या निघण्यातही जिवाची बाजी होतीच. पाठलागावर गेलेल्या लेफ्टनंट डाउकरला भांडेरला अर्धवट टाकलेली न्याहारी सापडली. तो राणीच्या जवळ पोचलाही, पण जखमी होऊन मागे फिरला. राणीचे वडील मोरोपंत तांबे पकडले गेले आणि फासावर चढले. आणि पुतळ्यांत पाठीशी बांधलेलं तान्हं बाळ वाटतो तो राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. तो वाचला; पुढे इंदुरात राहिला आणि १९०६ मध्ये वारला.