मत आणि दवाखाना : मिसिसिपी डेल्टाची कहाणी

31 ऑगस्ट 1962. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या रूलव्हिल गावाहून एक जुनाट बस निघाली. बसमध्ये 18 कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष होते आणि त्यांना इंडियानोलाच्या कचेरीत जाऊन मतदार यादीत नाव नोंदवायचं होतं. कारकुनानं फॅनी लू हेमर या 44 वर्षांच्या बाईंपुढे राज्यघटनेतलं एक किचकट कलम ठेवलं आणि सांगितलं, हे उतरवून काढा आणि अर्थ लिहा. बाई नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग. ती फार पिवळी होती म्हणे! दंड प्रवाशांनीच आपसांत वर्गणी काढून भरला. बाई घरी पोचतात तोच मळ्याच्या मालकाचा निरोप हजर : अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. त्या मळ्यावर बाई 18 वर्षं राबल्या होत्या. त्याच रात्री त्यांनी घर सोडलं.

आदल्या वर्षी, 1961 मध्ये, याच बाई गर्भाशयातली गाठ काढून घ्यायला रुग्णालयात गेल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत हे इतकं सर्रास घडत होतं, की ‘मिसिसिपी अपेंडेक्टमी’ हे त्याचं कडवट नाव हेमर यांच्यामुळे सर्वतोमुखी झालं. मत देण्याचा हक्क आणि स्वतःच्या शरीरावरचा हक्क, दोन्ही एकाच व्यवस्थेनं हिरावून घेतले होते.

त्या व्यवस्थेचा पाया मिसिसिपीच्या 1890 च्या राज्यघटनेत होता. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला आणि मिसिसिपीतून ते निवडूनही आले. ते मोडून काढण्यासाठीच ही घटना लिहिली गेली. मतदानकर, साक्षरतेची परीक्षा आणि काही ठरावीक गुन्ह्यांसाठी मताधिकार कायमचा रद्द, अशी त्रिसूत्री त्यात होती. गुन्ह्यांची यादी तर बघण्यासारखी आहे. चोरी, जाळपोळ, दोन लग्नं करणं, खोटी साक्ष देणं हे गुन्हे त्यात होते. खून आणि बलात्कार मात्र नव्हते! कृष्णवर्णीयांच्या हातून कोणते गुन्हे जास्त घडतात, याबद्दलच्या गोऱ्या घटनाकारांच्या समजुतींवर ती बेतलेली होती. खून आणि बलात्कार यादीत आले ते 1968 मध्ये.

या घटनासमितीत एकच कृष्णवर्णीय सदस्य होता : आयझाया माँटगोमेरी. मूळचा गुलाम असलेल्या या माणसानं 1887 मध्ये राज्याच्या वायव्येकडच्या डेल्टा भागातल्या जंगलात माउंड बायू हे केवळ कृष्णवर्णीयांचं गाव वसवलं होतं. त्यानं मताधिकार आखडण्याच्या बाजूनं मत दिलं. गाव वाचवण्यासाठी केलेली ती तडजोड होती, असं काही जण मानतात. त्याच्या समाजातल्या अनेकांनी मात्र त्याला कधी माफ केलं नाही. पण पुढच्या कहाणीचं ठाणं हेच गाव ठरलं.

गोऱ्यांच्या रुग्णालयात कृष्णवर्णीय रुग्णाला जागा मिळाली, तरी ती वेगळ्या वॉर्डात. म्हणून 1942 मध्ये ‘टेबर’ या कृष्णवर्णीयांच्या परस्पर-साहाय्य संघटनेनं माउंड बायूत स्वतःचं टॅबोरियन हॉस्पिटल उभारलं. शेतमजुरांनी वर्षाकाठी थोडी वर्गणी भरायची आणि आजारपणात खाट मिळवायची, असा हा व्यवहार होता. पहिले मुख्य शल्यचिकित्सक डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड. या गृहस्थांनी 1951 मध्ये नागरी हक्कांसाठी संघटना काढली. जिथे कृष्णवर्णीयांना स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, त्या पंपावर पेट्रोल भरू नका, ही तिची मोहीम गाजली. नागरी हक्कांच्या लढ्यात पुढे हुतात्मा झालेले मेडगर एव्हर्स हॉवर्ड यांच्याच विमा कंपनीत एजंट होते. संघटनेचे एक उपाध्यक्ष, रेव्हरंड जॉर्ज ली, मतदार नोंदणी करत असल्यामुळे मे 1955 मध्ये गोळ्यांना बळी पडले.

1964 च्या ‘फ्रीडम समर’ मोहिमेत देशभरातून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांबरोबर डॉक्टर आणि परिचारिकाही मिसिसिपीत आल्या. राज्याचा परवाना नसल्यामुळे त्यांना प्रथमोपचारापलीकडे काही करता येईना. त्यांच्यात डॉ. जॅक गायगर होते. विद्यार्थी असताना त्यांनी दक्षिण आफ्रिकेत पोलेला इथलं सामुदायिक आरोग्य केंद्र पाहिलं होतं. ते इथे का नको, असा प्रश्न त्यांनी मांडला. केंद्र सरकारनं दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनेतून पैसा दिला, पण तो बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाला. कारण विद्यापीठाला दिलेल्या अनुदानावर राज्याच्या गव्हर्नरला नकाराधिकार वापरता येत नसे. 1967 मध्ये माउंड बायूत केंद्र सुरू झालं.

तिथे येणारी मुलं कुपोषित होती. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून देऊ लागले. वाणी सामान देई आणि बिल केंद्राच्या औषधखात्यातून चुकतं होई. वॉशिंग्टनहून हरकत आली. कुपोषणावरचा शास्त्रशुद्ध उपचार अन्नच आहे, असं गायगर यांनी ठणकावलं. केंद्रानं विहिरी खणल्या, संडास बांधले, घरांच्या खिडक्यांना जाळ्या लावल्या. जॉन हॅच या संघटकानं गावोगावी दहा आरोग्य मंडळं उभी केली आणि त्यातून भाजीपाला पिकवणारी सहकारी शेतीही आली. आपल्या मंडळाची माणसं आपणच निवडायची, हा सराव डेल्टाला त्या केंद्रानं दिला.

त्याच सुमारास मतपेटीही उघडत होती. 1965 च्या मतदान हक्क कायद्यापूर्वी मिसिसिपीतल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम 6.7 टक्के मतदार यादीत होते. 1967 मध्ये ते 59.8 टक्के झाले. त्याच वर्षी रॉबर्ट क्लार्क हे कृष्णवर्णीय उमेदवार विधिमंडळावर निवडून आले. विसाव्या शतकात राज्यात असं प्रथमच घडत होतं. हेमर यांचं 14 मार्च 1977 रोजी माउंड बायूच्याच रुग्णालयात निधन झालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण 1890 च्या घटनेतलं गुन्ह्यांचं कलम अजून शाबूत आहे. गेलेला मताधिकार परत मिळवायचा, तर गव्हर्नरची माफी हवी, नाहीतर एकेका माणसासाठी स्वतंत्र विधेयक आणून दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयानं 2022 आणि 2024 मध्ये हे कलम कायम ठेवलं. राज्यात कृष्णवर्णीय सुमारे 38 टक्के, म्हणजे देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तरी यादवीनंतरच्या पुनर्रचनेच्या काळापासून एकही कृष्णवर्णीय राज्यव्यापी पदावर निवडून आलेला नाही.

याचा दवाखान्याशी संबंध थेट आहे. ओबामांच्या आरोग्य कायद्यानं गरिबांच्या मेडिकेड विम्याचा विस्तार करायचं ठरवलं. त्याचा 90 टक्के खर्च केंद्र सरकार उचलतं. पण 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो राज्यांच्या मर्जीवर सोडला आणि मिसिसिपीनं नाही म्हटलं. इतर काही राज्यांत लोकांनी सह्या गोळा करून मतदान घडवून आणलं आणि विस्तार मिळवला. मिसिसिपीत तशीच खटपट सुरू असताना, मे 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती वाटच बंद केली. कारण तांत्रिक : नियमानुसार पाच संसदीय मतदारसंघांतून सह्या हव्यात, आणि मतदारसंघ आता चारच उरलेत. 2024 मध्ये विस्ताराचं विधेयक प्रतिनिधिगृहात 98 विरुद्ध 20 मतांनी मंजूर झालं, पण विमाधारकांना काम करण्याची अट घालावी की नाही, यावर घोडं अडलं आणि मे महिन्यात सगळं बारगळलं.

दरम्यान 2022 मध्ये ग्रीनवुडच्या रुग्णालयानं बाळंतपणाचा विभाग बंद केला आणि ग्रीनव्हिलमधला नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभागही बंद झाला. हे दोन्ही डेल्टातच.

माउंड बायूचं केंद्र आजही चालू आहे. त्याच्या धर्तीवरची सुमारे 1,400 केंद्रं देशभर तीन कोटींहून अधिक रुग्णांना सेवा देतात. पण रुग्णाच्या हाती विमा असावा की नसावा, हे ठरतं राजधानी जॅक्सनच्या विधिमंडळात. 2025 मध्येही मेडिकेडचा विस्तार न केलेली दहा राज्यं उरली होती. त्यातली सात दक्षिणेतली होती आणि मिसिसिपी त्यांपैकी एक.