लिंकन मतफुटीमुळे निवडून आले का?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. त्या मुक्तीचा रस्ता ज्या निवडणुकीतून गेला, ती नोव्हेंबर १८६० ची अध्यक्षीय निवडणूक मात्र अनेकदा अपघात म्हणून सांगितली जाते. डेमोक्रॅटिक पक्षाची मते डग्लस आणि ब्रेकिनरिज यांच्यात फुटली, चौथे उमेदवार बेल होतेच, आणि जेमतेम ४० टक्के मतांवर अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले, अशी ही मांडणी. आकडे तिला साथ देत नाहीत.

अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यागणिक मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांवर. तेव्हा ती ३०३ होती, बहुमताला १५२ लागत आणि लिंकनना १८० मिळाली. आता प्रत्येक राज्यात तिन्ही विरोधकांची मते एकत्र करून पाहा. कॅलिफोर्नियाची ४, ओरेगॉनची ३ आणि न्यू जर्सीतली ४ एवढीच लिंकनच्या हातून जातात, १६९ उरतात. जिंकलेल्या बाकीच्या प्रत्येक राज्यात त्यांना निम्म्याहून अधिक मते होती. यावर कोणी म्हणेल, पक्ष एकसंध असता तर प्रचाराचा रंगच पालटला असता. इलिनॉय आणि इंडियाना लिंकननी थोडक्यात राखली. ती गेली असती तर बहुमत हुकले असते, हे खरे. पण पक्ष एकसंध राहणार कशावर? एप्रिलमधल्या चार्ल्स्टनच्या अधिवेशनात दक्षिणेचा आग्रह होता की, नव्या प्रदेशांत गुलामीला केंद्राने कायद्याचे संरक्षण द्यावे. डग्लस यांचे म्हणणे, तिथल्या वसाहतकऱ्यांनीच काय ते ठरवावे. दक्षिणेचे अनेक प्रतिनिधी उठून गेले आणि ५७ फेऱ्यांनंतरही उमेदवार ठरला नाही. दक्षिणेची अट मानली असती, तर उत्तरेतले मतदार गमवावे लागले असते. पक्ष फुटला तोच गुलामीवरून. मग ही फूट अपघात कशी?

दक्षिणेचे समर्थक गुलामीऐवजी राज्यांच्या हक्कांचा मुद्दा पुढे करतात. पण चार्ल्स्टनमध्ये केंद्राच्या संरक्षणाची मागणी करणारी दक्षिणच होती. २० डिसेंबरला संघराज्यातून फुटलेल्या साउथ कॅरोलायनाने चार दिवसांनी कारणे जाहीर केली. त्यांत मोठी तक्रार हीच की, उत्तरेतली राज्ये आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेने राज्याचा हक्क वापरला, हाच गुन्हा! लिंकन तर गुलामी आहे तिथे हात लावणार नव्हते, फक्त नव्या प्रदेशांत ती नको म्हणत होते. तरीही दक्षिणेतल्या नऊ राज्यांत त्यांना मत देण्याची सोयच नव्हती. मतपत्रिका पक्षच छापून वाटत आणि तिथे लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाची मतपत्रिका कोणी वाटत नव्हते. साउथ कॅरोलायनात इलेक्टर विधिमंडळच निवडी, लोकांचे मतदानच नव्हते.

दक्षिणेच्या इलेक्टोरल मतांच्या हिशेबात गुलामांची तीन पंचमांश संख्या धरली जाई. गुलामांच्या डोक्यांवर मिळालेले हे जादा बळ हाताशी असूनही दक्षिण हरली. १८६० च्या जनगणनेत देशातल्या गुलामांची संख्या ३९ लाखांवर भरली. त्यांतल्या एकालाही मत नव्हते.