मालवण सोपं, सिंधुदुर्ग अवघड

‘मालवण’ जुळवणं सोपं. म, काना, ल, व, ण. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. काकांचा हात छपाईच्या खिळ्यांच्या केसवरून फिरतो आणि शब्द हातातल्या स्टिकमध्ये उभा राहतो. ‘सिंधुदुर्ग’ला मात्र ते चष्मा पुसून घेतात. आधी ह्रस्व वेलांटी, मग स, डोक्यावर अनुस्वार, ध आणि द दोघांच्या पायाशी उकार, शेवटी ग वर रफार. 1 मे 1981ला रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर प्रत्येक पावतीपुस्तकावर आणि लग्नपत्रिकेवर हा शब्द जुळवावा लागला, हे ते आजही तक्रारीच्या सुरात सांगतात.

काका निवृत्त जुळारी, छापखान्यात खिळे जुळवणारे. मी पत्रकारिता शिकवतो आणि कोकणातल्या छपाईची माहिती गोळा करतो. ज्या छापखान्यात त्यांचं आयुष्य गेलं तो बंद आहे. ट्रेडल छपाईयंत्राचं चाक खाऱ्या हवेने गंजून जाम झालंय, पण लाकडी केसेस आणि त्यांतले खिळे अजून जागेवर आहेत. भंगारवाल्याने शिशाचा भाव काढून ठेवलाय. म्हणून काकांकडून जुळणी शिकून घ्यायची घाई.

स्टिक डाव्या हातात. ओळ डावीकडून उजवीकडेच भरायची, पण खिळे उलटे, अक्षरं डोक्यावर उभी. मी प्रत्येक खिळा डोळ्यांपुढे धरून पाहत होतो.

“डोळ्यांनी बघू नका, मास्तरानू. आंगठ्यान बघा. खाच लागली काय खिळो सरळ.”

प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच असते. ती अंगठ्याला लागली की अक्षराकडे बघायची गरज नाही; नजर मजकुरावर ठेवता येते. जुळाऱ्याच्या वेगाचं मर्म या खाचेत आहे. मी वर्गात इतकी वर्षं मुद्रणकलेवर बोलत आलो, पण खाचेचा उल्लेख मला एकाही क्रमिक पुस्तकात आढळला नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. काकांकडचे खिळे डिग्री पद्धतीचे. अखंड पद्धतीत अक्षर वरपासून खालपर्यंत एकाच अंगावर ओतलेलं असतं. डिग्रीत वरच्या मात्रा-वेलांट्या, मधलं अक्षर आणि खालचे उकार वेगवेगळ्या थरांत बसतात. छापलेली एक ओळ म्हणजे जुळाऱ्याच्या लेखी तीन ओळी. जिथे मात्रा नाही तिथली जागाही कोऱ्या तुकड्यांनी भरायची, नाहीतर ओळ ढिली पडते आणि जुळवलेला फर्मा उचलताना खिळे सांडतात. ‘मालवण’च्या वर-खालीही असे कोरे तुकडे लागतातच, कागदावर ते दिसत नाहीत, एवढंच. इंग्रजी जुळाऱ्याचं काम या मानाने फार हलकं. टिळकांनी नागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी जी खटपट केली, तिचं कारण मला या टेबलापाशी उमगलं. अग्रलेख कितीही जळजळीत असो, तो आधी कुणाच्या तरी अंगठ्याखालून खिळ्याखिळ्याने जाणार.

आमच्या जिल्ह्याला वृत्तपत्रांच्या इतिहासाचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारी 1832ला त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं; त्या तारखेला आजही पत्रकार दिन होतो. भाषणं होतात ती त्यांच्या विद्वत्तेवर, एल्फिन्स्टनमधल्या अध्यापनावर, समाजसुधारणेवर. ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत असायचा, हेही सांगितलं जातं. पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. दोन लिप्यांच्या ओळींची उंची सारखी नाही, तोच अर्थ दोन्ही भाषांत सारखी जागा घेत नाही. ते स्तंभ समोरासमोर बसवले कसे, काय कापलं, काय ताणलं? माझ्या मते संपादकाच्या विचारांइतकाच हा इतिहास आहे. बाळशास्त्रींनीच 1845मध्ये ज्ञानेश्वरी छापली ती शिळाछापावर, म्हणजे हाताने लिहिलेलं दगडावर उतरवून. एकच माणूस, आणि प्रत्येक कामासाठी तंत्राचा विचार करणारा.

कॅनडातल्या हॅरॉल्ड इनिस या प्राध्यापकाचं नाव इथे घेतो, कारण त्यांचा रस्ता आमच्या किनाऱ्याला ओळखीचा वाटावा असा आहे. मूळचे अर्थशास्त्रज्ञ. 1940मध्ये त्यांनी कॉड मासेमारीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. लाकूड, लगदा, कागद यांचा व्यापार अभ्यासता अभ्यासता ते वर्तमानपत्रांपर्यंत पोचले आणि 1950मध्ये साम्राज्यं आणि संज्ञापन यांच्या नात्यावर त्यांचं पुस्तक आलं. माल कशाचा आहे, तो टिकतो किती, वाहून नेता येतो किती, यावरून समाजाची घडण ठरते, हा त्यांचा आग्रह. मासळीबाजार आणि छापखाना एकाच रस्त्यावर असलेल्या गावात तो पटायला वेळ लागत नाही.

पावसाळ्याबद्दल विचारलं तेव्हा काका खुलले. रोलर सरस आणि काकवीचे. दमट हवेत चिकट होऊन शाईसकट कागद ओढायचे. कागद फुगायचा. मग दशावताराच्या जाहिराती, सोसायटीच्या पावत्या, सगळं दुपारच्या उघडिपीत उरकायचं. “पावसात छापूचा म्हणजे आधी आभाळाक इचारूचा.” याची नोंद कुठल्या कार्यालयात मिळणार?

केसमध्ये कुठल्या खणात कुठलं अक्षर, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते हातात आहे. म्हणून सध्या आम्ही नकाशा काढतोय. काका डोळे मिटून हात नेतात, अक्षर सांगतात, मी खण भरतो. जास्त लागणारी अक्षरं हाताजवळ: काना, र, त, न, य. ळ त्यांनी मूळ जागेवरून जवळ आणला होता, कारण मालवणी माणसाच्या मजकुरात तो सारखा लागतो असं ते म्हणतात. मुंबईच्या छापखान्यातल्या मांडणीशी हे ताडून पाहायचं आहे. मुख्य केस आणि मात्रांची केस झाली. जोडाक्षरांची राहिली आहे, ती सर्वांत मोठी, आणि भंगारवाल्याकडून गणपती होईपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.