लोगो खरवडला, तरी बंदी कायम

■ कायदा : १८ सप्टेंबर २०१९पासून देशभर ई-सिगारेटचे (व्हेपचे) उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात बंद. नाव, आकार कोणताही असो. सुटे भागही बंदीतच. लोगो खरवडून वा स्टिकरने झाकून विकणारा सुटत नाही.

■ शिक्षा : विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

■ धोका : अनेक ई-सिगारेट यंत्रांतला '१८६५०' सेल १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. छाप घालवायला वेष्टन सोलले, की ऋण ध्रुवाचा धातू उघडा पडतो. खिशातल्या किल्लीनेही शॉर्टसर्किट होऊन सेल पेटू शकतो.

■ मिरा-भाईंदरकरांनो : बिननावी व्हेप विकताना कुणी दिसला, तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. उपनिरीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांना झडती-जप्तीचा अधिकार आहे.