कॅम बदलायचा म्हणजे नक्की काय बदलायचं?



घरात कॉलेजचा मुलगा आणि दारात बाईक असली की "परफॉर्मन्स कॅम बसवायचाय" हे कधीतरी कानावर येतंच. नाही म्हणायच्या आधी (किंवा पैसे द्यायच्या आधी) विषय समजून घेऊ.

कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा अंडाकृती उंचवटा. तो व्हॉल्व्ह उघडतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. म्हणजे ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. (आरएक्स १०० मध्ये कॅम शोधू नका, ती टू-स्ट्रोक!)

कॅमचे दोन आकडे बघायचे. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो, आणि ड्युरेशन म्हणजे क्रँकचे किती अंश उघडा राहतो. खरी गंमत ड्युरेशनची. शाळेचं फाटक डोळ्यांसमोर आणा. मुलं धावत येत असतील तर घंटेनंतरही फाटक थोडं उघडं ठेवलं की आणखी दहा-बारा आत येतात. पण मुलं रेंगाळत येत असतील तर उघड्या फाटकातून आत आलेलीच बाहेर पळतात! इंजिनातही तेच. जास्त आरपीएमला हवा वेगात आत घुसत असते, तिथे उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह ताकद वाढवतो. कमी आरपीएमला पिस्टन वर येताना मिश्रण परत ढकलतो, आणि पिकअप जातो.

म्हणून पहिला प्रश्न, गाडी चालते कुठे? बुलेटसारखी खालच्या आरपीएमला ओढणारी गाडी घेऊन घाट आणि ट्रॅफिक करायचं असेल तर रेसचा कॅम नुकसानच करेल. सौम्य कॅम पुरे. दोन कंपन्यांचं ड्युरेशन ताडून बघताना ते किती लिफ्टला मोजलंय हे विचारा, नाहीतर तुलना फसवी ठरते.

लिफ्ट वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतो. जाणकार मेकॅनिक पिस्टनवर क्ले (हो, आपल्या हस्तकलेतलीच) लावून इंजिन हाताने फिरवतो आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजतो. शिवाय कडक स्प्रिंग, टॅपेट सेटिंग, कार्बोरेटर किंवा ईसीयूचं ट्यूनिंग हा खर्च वेगळाच. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहणारा कॅम आयडलिंगला न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतो, आणि पीयूसी आयडलिंगवरच तपासतात. नव्या गाडीची वॉरंटीही बघून घ्या.